संत्र्याच्या पेटीवर गेलेलं नाव

राजापेठेत मधे एक कुजबुज फार चवीनं चघळली गेली: गोवर्धन ताथोडानं पोटच्या लेकीचं नाव विकलं. मोबदल्याचाही तपशील लोकांकडे तयार होता. संत्र्याची एक पेटी. ज्यांना पेटी कमी वाटली त्यांनी तिचा ट्रक केला, आणि बातमी बडनेऱ्याला पोचेस्तोवर वरूडकडची अख्खी बाग गोवर्धनच्या नावावर चढली होती. पुरावा काय, तर हा माणूस दुकानात लेकीला नावानं हाक मारत नाही. "ए बाई, इकडं ये," एवढंच म्हणतो. गिऱ्हाइकानं नाव विचारलं तर म्हणतो, ठेवायचं आहे अजून. आणि पोरगी तर चालायला लागली.

खरं काय ते सांगतोच, पण आधी माणूस नीट पाहून घ्या. अफवेपेक्षा तोच जास्त बघण्यासारखा आहे.

गोवर्धन मूळचा हिवरखेडचा. बाप पुंजाजी कपाशीत राबला, थोरली बहीण जयवंता शाळा सोडून बापाच्या मागं वावरात गेली, म्हणून याला शिकता आलं. हा बी.ए. झाला आणि आपल्याला सगळं कळतं असं याला वाटू लागलं. आपल्याकडं या दोन्ही गोष्टी बहुधा एकाच दिवशी होतात. नोकरी लागली नाही. मग अमरावतीला येऊन राजापेठेत, एका शिकवणी वर्गाच्या जिन्याखाली, पत्रिका छापायचं दुकान टाकलं. लग्न, वास्तू, तेरवी, जे येईल ते. दुकान बरं चाललं होतं. पण बरं चालणं हे गोवर्धनला कमीपणाचं वाटायचं.

एकदा एक जोडपं बारशाची पत्रिका छापायला आलं आणि नावावरून दुकानातच भांडू लागलं. पंडितानं अक्षर दिलं होतं, त्या अक्षराची सगळी नावं नात्यात वापरून झाली होती. गोवर्धननं मोबाईलवर बोट फिरवलं आणि म्हणाला, "सेलिन. तुर्कस्तानातलं हाये." बाईनं अर्थ विचारला. तेवढ्यात नेट गेलं. अडला तर तो गोवर्धन कसला. म्हणाला, "देवाची भेट."

बाईचे डोळे भरून आले. नवऱ्यानं पत्रिका दुप्पट छापून घेतल्या. गोवर्धनला त्या दिवशी जे ज्ञान झालं ते असं: जे नाव आजीला उच्चारता येत नाही त्याला लोक सगळ्यात जास्त मान देतात, आणि अर्थ ही वस्तू पाहून सांगायची नसते, गिऱ्हाईक पाहून सांगायची असते.

महिन्याभरात पाटी लागली. 'आशियातील मुलींची निवडक नावे, अक्षरानुसार, अर्थासह.' खाली लाल अक्षरांत, 'एकदा दिलेले नाव दुसऱ्यास नाही.'

आणि काय गर्दी हो. शिकलेली, सवरलेली, चारचाकीतून उतरणारी माणसं जिन्याखाली वाकून उभी राहायची. घरात सून काय म्हणते ते ऐकायचं नाही, आजीनं सुचवलेलं नाव म्हणजे बुरसटलेलं, पण या गोवर्धननं डोळे मिटून इंडोनेशिया म्हटलं की माना डोलायच्या. समजा अक्षर आलं स. तो खुर्चीत मागं रेलायचा आणि सुरू व्हायचा: जपानची साकुरा, अरबांची सबा, जाव्याची सारी, इराणची सितारा. सराफ असला तर साकुराचा अर्थ सोन्याची कळी. मास्तर असला तर तीच साकुरा ज्ञानाची देवी. जिनिंगवाल्याला त्यानं सारी म्हणजे 'शुभ्र' असं सांगितलं आणि तो बिचारा सरकीचं पोतं फुटावं तसा हसला. लाल अक्षरांतल्या वचनाची काळजीही त्यानं घेतली होती. एक मात्रा हलवली की नाव नवं. सायुरी एकीला, सायोरी दुसरीला, सायिरी तिसरीला. तिघी आज एकाच बालवाडीत आहेत, आणि बाई हजेरी घेताना तिघींना मिळून 'सायूबाई' म्हणते. तिघींच्या आया आपापली पोरगी त्या नावाची वऱ्हाडात एकुलती एक आहे या समाधानात आहेत.

या सगळ्या धंद्यात अर्थासकट खरं म्हणावं असं एकच नाव आलं, आणि तेही गोवर्धननं शोधलेलं नव्हतं. अकोल्याचा स्वप्निल गवई म्हणून एक जण लेकीच्या नामकरणाची पत्रिका छापायला आला. हा दोन-तीन वर्षं जपानात, मोटारींच्या कारखान्यात इंजिनीअर होता. पत्रिकेवर बुद्धाचं चित्र, त्रिशरण-पंचशीलाची वेळ आणि मुलीचं नाव: सुजाता. काम होईस्तोवर तो तिथंच बसला होता. शेजारच्या गिऱ्हाइकाला साकुराचा अर्थ राजकन्या म्हणून सांगितला जात होता. गिऱ्हाईक गेल्यावर स्वप्निल हळूच म्हणाला की भाऊ, साकुरा म्हणजे तिकडचं फुलझाड, राजकन्येचा संबंध नाही.

गोवर्धन ओशाळेल असं वाटलं का? उलट त्यानंच स्वप्निलची कीव केली. "तुमी जपानात राहून आले, अन् पोरीचं नाव सुजाता? काहून बावा?"

"भगवंताले खीर देणाऱ्या बाईचं नाव हाये ते," स्वप्निल म्हणाला. "अन् जपानी नावाचं काय कौतुक, भाऊ? तिकडं सगळ्यांचीच जपानी असतात."

जाता जाता मात्र त्यानं सांगितलं की त्याच्या घरमालकिणीच्या नातीचं नाव सोरा होतं. सोरा म्हणजे आकाश. लहान, उच्चाराला सोपं, आणि अर्थ अगदी तोच, वाटल्यास कोणालाही विचारा.

हे ऐकणारी आणखी एक जण दुकानात होती. गोवर्धनची बायको, दीपमाला. अकोल्याची, जठारपेठेतली. ती मागं बसून पत्रिकांना घड्या घालायची आणि नवऱ्याच्या थापा ऐकून ऐकून तिच्या चेहऱ्यावर एक कायमचा थंडपणा आला होता. तिला तेव्हा दिवस गेले होते. त्या संध्याकाळी तिनं नवऱ्याला बजावलं की हे नाव विकायचं नाही. मुलगी झाली तर ती सोरा. इतके दिवस दुकानात खोटे अर्थ तयार होताना पाहिले, लेकीच्या नावाचा तरी खरा असू दे. गोवर्धननं छातीवर हात ठेवून कबूल केलं. आपला खास माल आपल्याच घरी, हा विचार त्याला आवडलाही.

तेव्हापासून दीपमाला पोटाशी बोलायची ती सोरा म्हणूनच. हिवरखेडला जयवंताबाईला फोनवर कळवलं, कारण नाव कोणीही शोधो, पाळण्यात ते ठेवायचं आत्यानं. जयवंतानं आधी दोनदा विचारलं, काय म्हणतं, सोयरा? मग तिला सवय व्हावी म्हणून ती वावरात, गोठ्यात एकटीच नाव म्हणून पाहू लागली.

दीपमाला बाळंतपणाला अकोल्याला गेली. मुलगी झाली. पंडितानं पत्रिका मांडली आणि अक्षर निघालं सो. माहेरच्या लोकांनी याला योगायोग म्हटलं नाही. शेगावची कृपा म्हटलं. आता तर नावाला देवाची सहीच झाली.

आणि इकडं अमरावतीत, बायको बाळंतीण असताना, जिन्याखाली चंद्रभानजी वाकून आत आले.

चंद्रभानजी वरूडचे. संत्र्याचे मोठे व्यापारी. बागाच्या बागा झाडावरच घ्यायच्या, पॅकिंग करून देशभर पाठवायच्या. त्यांच्या प्रत्येक पेटीवर 'स' हे अक्षर असतं. हमालांना ओळखायला सोपं म्हणून वडिलांनी घातलेलं. नात झाली होती, आणि चंद्रभानजींच्या मनात आलं की नातीचं नावही स वरूनच ठेवावं आणि तेच नाव पेटीवर छापावं. नातीचं नाव ठेवायचं तेही पेटीला शोभेल असं. याला हे लोक माया म्हणतात.

गोवर्धननं सगळी तिजोरी उघडली. साकुरा झाली, सबा झाली, सितारा झाली. चंद्रभानजी तोंड वाकडं करत राहिले. सितारा म्हणे नाचणारणीसारखं वाटते. सबा पेटीवर लोक डबा वाचतील. सारी तर नकोच, लोक म्हणतील साडी विकून राहिले. उठता उठता ते म्हणाले की नाव जमलं असतं तर लेबलाचंही काही करता आलं असतं.

झालं. गोवर्धनच्या डोळ्यांपुढं लेबलं उडू लागली. हंगामात त्या माणसाच्या किती पेट्या जातात, प्रत्येक पेटीवर एक लेबल, चार रंगात, आणि छापणार कोण? त्यानं विचारलं, लेबलाचं काम देता का मग? चंद्रभानजी म्हणाले, "पाहू."

वऱ्हाडातल्या व्यापाऱ्याच्या 'पाहू'चा अर्थ कोणत्याही शेंबड्या पोराला ठाऊक आहे. साऱ्या आशियाच्या नावांचे अर्थ सांगणाऱ्या या विद्वानाला तेवढा एक कळला नाही.

"एक हाये," तो म्हणाला. "ठेवणीतलं हाये. कोणाले देत नाही मी."

आणि त्यानं सोरा देऊन टाकलं. आकाश. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यानं गिऱ्हाइकाला खरा अर्थ सांगितला, आणि तो सांगताना, ऐकणारे म्हणतात, त्याचा आवाज जरा कापला. बरं झालं कापला. तेवढीच त्याच्या बाजूनं बोलण्यासारखी गोष्ट आहे.

चंद्रभानजींना नाव पटलं. आठवड्याच्या आत वरूडला बारसं होऊन नात सोरा झाली.

आता दुसरा कोणी असता तर बायकोला फोन करून पाय धरले असते. गोवर्धननं काय केलं? गप्प बसला. वर चंद्रभानजींना सहकुटुंब लेकीच्या बारशाला बोलावलं. हिशोब असा की त्यांच्यादेखत आपल्या पोरीला वेगळं नाव ठेवायचं. मग त्यांना दिसेल, हा माणूस शब्दाचा केवढा पक्का, अक्षर सो आलं तरी एकदा दिलेलं नाव पोटच्या लेकीलाही देत नाही. लेबलाचं काम मग कुठं जातं? इतकी हुशारी एका डोक्यात मावली कशी याचंच नवल.

चंद्रभानजींना तसंही शेगावला जायचं होतं, अकोला वाटेवर. बारशाच्या दिवशी त्यांची गाडी जठारपेठेत उभी राहिली. ते पुरुषांत अंगणात बसले. त्यांच्या पत्नी गोदाबाई आत बायकांत गेल्या, मागोमाग ड्रायव्हरनं संत्र्याची पेटी आत नेऊन ठेवली. ती पेटी साऱ्या आळीनं पाहिली. अफवेचं बी तिथंच पडलं.

पाळणा सजला होता. बायकांनी गाणं धरलं. बाळाला पाळण्याखालून या हातातून त्या हातात देऊन झालं. जयवंताबाई सकाळच्या एसटीनं आली होती, नवं लुगडं नेसून, आणि सगळ्यांना सांगत होती की म्हशीले सोरा म्हणून म्हणून जीभ वळवली बाई, आता तं म्हैसही ओ देते. दीपमाला भिंतीशी पाटावर बसून हसत होती.

तेवढ्यात गोवर्धन बायकांतून वाट काढत पाळण्याशी आला आणि बहिणीच्या कानाशी लागला. पुरुष माणूस पाळण्याशी कशाला, म्हणून गाणं आपोआप थांबलं, आणि पुढचं सगळ्यांनी ऐकलं.

"आता काहून बदलून राहिला?" जयवंतानं विचारलं.

"बाई, ते नाव दिलं."

"कोणाले?"

"गिऱ्हाइकाले."

दीपमालेचं हसू गेलं. ती उठली नाही, ओरडली नाही. "पोटात होती तवापासून मी तिले सोरा म्हणून राहिली," ती म्हणाली. "तिचं तिले ठेवायच्या आधी तुमी दुसऱ्याले देऊन आले?"

गोवर्धन इथंही विक्रेताच राहिला. तो बायकोला माल दाखवू लागला. सोरीन पाहा ना, म्हणाला, सोराच्या वरचं आहे, कोरियातलं आहे, अक्षरही तेच. अर्थ आहे आकाशापलीकडलं आकाश.

"पलीकडं जाऊन कोण पाहून आलं?" जयवंता म्हणाली. "तू?"

बायका पदरात हसल्या. गोवर्धन म्हणाला, "बाई, माह्या धंद्याचा सवाल हाये. शब्द दिला मी."

जयवंतानं भावाकडं अशी नजर टाकली, जशी बोंडअळी लागलेल्या कपाशीकडं टाकतात. "शब्द बायकोले देल्ला होता आधी," ती म्हणाली. "सरक तिकडं, भैताडा. पोरीचं नाव आत्या ठेवते."

ती पाळण्यावर वाकली. बायकांनी कुर्रर्र करून तिच्या पाठीत धपाटे घातले, आणि यावेळी जरा जास्तच जोरात घातले, कारण प्रत्येकीला ते कोणाला तरी घालायचे होते. कोणीतरी रिवाजाप्रमाणं विचारलं, काय नाव ठेवलं वं?

"सोरा," जयवंता म्हणाली. अंगणात ऐकू जाईल असं म्हणाली.

आत्यानं कानात सांगितलेलं नाव झालं ते झालं. ते फिरवायला पंडित नाही, बाप नाही, राजापेठेतली पाटी तर नाहीच नाही.

गोदाबाई पहिल्याच रांगेत होत्या. "हे तं आमच्या नातीचं हाये," त्या सहज बोलून गेल्या. मग गोवर्धनकडं वळून, "तुमी तं म्हणे एक नाव एकालेच देता?"

गोवर्धन दाराकडं सरकला. दीपमालेनं मान खाली घातली. तिला वाटलं असावं, आता वाद होईल आणि पोरीचं नाव पाळण्यातच भांडणात अडकेल. पण गोदाबाई शहाण्या निघाल्या. दीपमालेजवळ बसून म्हणाल्या, "राहू दे माय. आमच्या गावात गंगू सात होत्या, एकीचंही काही बिघडलं नाही." त्यांनी बाळासाठी आणलेलं झबलं पाळण्यात ठेवलं, पेटी उघडायला लावली आणि बायकांना संत्री वाटली.

गोवर्धन तोवर अंगणात धावला होता. चंद्रभानजींना त्यानं गाडीशी गाठून सगळं समजावलं, बहीण अडाणी आहे, बायको हट्टी आहे, घरात सोरीनच म्हणू, कागदावरही तेच लावू. त्यांनी ऐकून घेतलं. त्यांना ऐकायची काही गरज वाटत होती असं त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत नव्हतं. गोवर्धननं शेवटी लेबलाचं विचारलं. ते पुन्हा म्हणाले, "पाहू," आणि शेगावला गेले.

दीपमाला अमरावतीला परतली ती एका अटीवर: पोरीला सोराच म्हणायचं, कोणापुढंही. ती स्वतः म्हणते. दुकानात घड्या घालता घालता, गिऱ्हाइकांसमोर, मोठ्यानं. गोवर्धन काही म्हणू शकत नाही आणि पाटीवरची लाल ओळही पुसत नाही, कारण धंदा तिच्यावर उभा आहे. म्हणून तो लेकीला 'ए बाई' म्हणतो. पोरगी त्या हाकेला वळून पाहत नाही. आईच्या हाकेला धावते. लोक अजूनही येतात, अक्षर सांगतात, माना डोलावतात. परवाच एका प्राध्यापकानं 'सोरीन' नेलं. आकाशापलीकडलं आकाश. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणतात.

वरूडच्या पेट्या यंदा बाजारात आल्या, त्यांवर नारिंगी अक्षरांत 'सोरा' आहे. राजापेठेनं त्या पाहिल्या, जठारपेठेतली पेटी आठवली, आणि नाव विकल्याची गोष्ट पक्की झाली.

तर खरं असं आहे. गोवर्धननं लेकीचं नाव विकलं नाही. चंद्रभानजींची लेबलं त्यांचा भाचा नागपुरात छापतो, आधीपासून छापतो, आणि ते काम अमरावतीला द्यायचं त्यांच्या मनात कधीच नव्हतं. संत्र्याची पेटी गोदाबाईंनी बारशाच्या बायकांसाठी आणली होती आणि ती तिथंच संपली. गोवर्धनला त्यातलं एक संत्रंसुद्धा मिळालं नाही. नाव त्यानं फुकट दिलं.